चंद्र दिसेपर्यंत बोलायचं नाही

सोमवार, ता. ३

देवा, वही तुझ्या भरवशावर उघडते आहे. महिन्याचा हिशेब मांडून झाला की मागची पानं कोरी राहतात. ती रद्दीत देण्यापेक्षा मनातलं लिहावं. लेक सासरी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. हे विद्यापीठाचे भांडारपाल. संध्याकाळी घरी येतात तेसुद्धा खुर्च्या, कुलपं आणि चाव्या डोक्यात घेऊनच.

आज मात्र स्वतःहून बोलले. म्हणाले, "आपल्याकडे एक मुलगी राहायला येणार आहे."

विद्यापीठाने नवा समावेश कक्ष काढलाय. डोंगरातल्या जुन्या लोकांची मुलं आता इथे शिकायला येतात, त्यांना वसतिगृहात करमत नाही, म्हणून आवारातल्या कुटुंबांनी एकेकाला घरी ठेवून घ्यायचं. या कक्षाचे जे साहेब आहेत त्यांना हे 'समावेशसाहेब' म्हणतात, अर्थात पाठीमागे. साहेबांनी ह्यांना बोलावून विचारलं आणि हे 'हो' म्हणून आले.

"मला न विचारता?"

"साहेबांनी मला तरी कुठे विचारलं? सांगितलं."

डोंगरातल्या लोकांबद्दल लहानपणापासून काय काय ऐकलंय. घरात दोघंच आम्ही, आणि आता हे.

बुधवार, ता. ५

आली. एक पिशवी, एक ढोल. ढोल तिच्याहून मोठा. तिच्या आजीचा म्हणे. डोंगरी मुलांसाठी विद्यापीठ एक वेगळी खोली देणार आहे, तिथे तो ठेवायचा. देवघराच्या भिंतीला टेकवला तेव्हा मी हात जोडले. कुणाला जोडले, देवाला की ढोलाला, मला सांगता येणार नाही.

पोर सावळी, बारीक, डोळे मोठे. सगळ्यांना 'तू' म्हणते. ह्यांना म्हणाली, "काका, तू दमलास का?" हे एवढे गोंधळले की "नाही, नाही" म्हणत उभेच राहिले.

वरच्या मजल्यावरच्या वॉर्डनबाई दुपारी मुद्दाम खाली आल्या. आम्हाला हे तळमजल्याचं घर त्यांच्याच शब्दामुळे मिळालं, त्यामुळे त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. हळूच म्हणाल्या, "गळलेले केस तेवढे जपा हो. हे लोक केसांवर करणी करतात. माझं काय, मी आपली सांगून मोकळी."

ताबडतोब कंगव्यातले केस काढून चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. डबा फडताळात वर. झोप येईल असं वाटत नाही.

रविवार, ता. ९

आज फजिती झाली. केस डब्यात ठेवताना पोरीने पाहिलं. मी जागच्या जागी थिजले.

ती म्हणाली, "काकू, तुमच्यात पण लपवतात?"

"म्हणजे?"

"माझी आजी पण लपवते. म्हणते, खालच्या लोकांच्या हाती केस पडू देऊ नको, ते करणी करतात."

खालचे लोक म्हणजे आम्ही! मला हसू आवरेना. मी हसले म्हणून ती हसली. मग एकाएकी दोघी थांबलो, कारण हसून झाल्यावरही मी डबा घट्ट धरूनच उभी होते, आणि तिनेही तिची वेणी मुठीत धरली होती.

मंगळवार, ता. ११

आज खोलीचं उद्घाटन. जुन्या इमारतीतली ही खोली पूर्वी खेळणाऱ्या मुलांची होती, त्यांचं टेबल टेनिस तिथेच चालायचं. संघाचा कप्तान म्हणजे वॉर्डनबाईंचा मुलगा. तो मागे हाताची घडी घालून उभा होता. चेहरा असा, की घरातलं सामान कुणीतरी रस्त्यावर काढलंय.

भिंतीवर मोठा फलक लावलाय: 'इथे प्रत्येकाच्या रीतीला जागा आहे.' अक्षर सुबक आहे.

भाषणं झाली आणि समावेशसाहेब माइकवर म्हणाले, आता डोंगरी भगिनी पानाफुलांचा साज घालून नाच करतील आणि आजीचं गाणं म्हणतील. साज कुठल्याशा दुकानातून भाड्याने आणून ठेवला होता. पोर पुढे गेली आणि भर सभेत म्हणाली, "हे गाणं माणूस उचलून नेतात तेव्हा म्हणतात. तुझ्या घरी कुणी गेलंय का?"

साहेबांना 'तू'! तेही माइकमध्ये! दोनचार लोक हसले, साहेब लाल झाले. नाच झालाच नाही. खोलीची चावी मात्र त्यांनी तिच्याच हातात दिली, कारण कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं. तिने ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. दुसरी चावी ह्यांच्याकडे भांडारात.

घरी येताना हे म्हणाले, "ही पोरगी स्वतः बुडेल आणि आपल्यालाही बुडवेल."

शनिवार, ता. १५

काल लिहिणं शक्य नव्हतं.

काल संध्याकाळी पोर आणि मी बैठकीत गादीची खोळ शिवत होतो. तिचा टाका बारीक येतो, माझ्या लेकीला कधी जमला नाही. गळ्यातली चावी सारखी दोऱ्यात अडकायची आणि ती चिडून मागे पाठीवर टाकायची. हे चहा पीत होते. मध्ये वॉर्डनबाईंचा कप्तान आला. म्हणाला, "काका, आमची जाळी त्या खोलीत राहिलीय, दुसरी चावी द्या ना, पाच मिनिटांत आणून देतो." भांडाराचा जुडगा ह्यांच्याजवळच होता, त्यातली काढून दिली. पोर म्हणाली, "मी उघडून देते ना." तो म्हणाला, "तू बस." आणि गेला. थोड्या वेळाने दारातूनच चावी परत देऊन पळाला.

मग दिवेलागणीला ओरडा ऐकू आला. जुन्या इमारतीतून धूर. आम्ही तिघंही धावलो. खोली आतून पेटली होती. चटया, पुस्तकं, ढोल. ढोलाचं कातडं फुटलं तेव्हा असा आवाज झाला, की गर्दी एक पाऊल मागे सरली. पोर ओरडली नाही, रडली नाही. तिने नुसता माझा पदर धरला होता, तो इतका घट्ट की खांद्यावरची टाचणी तुटली.

कुणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. कुलूप तोडलेलं नव्हतं म्हणतात.

आज सकाळी हे म्हणाले, "काल संध्याकाळी आपल्याकडे कुणी आलं नव्हतं. लक्षात ठेव." कप्तान आल्याचं ह्यांना आठवतच नाही! वय झालं, शिवाय धक्का बसलेला. मी वाद घातला नाही. ह्यांच्या स्मरणशक्तीसाठी आजपासून एक माळ जास्त ओढणार आहे.

सोमवार, ता. १७

आवारभर एकच बोलणं: खोली डोंगरी पोरांनीच पेटवली, साहेबांवरच्या रागाने. चावी हिच्याच गळ्यात होती ना? दूधकेंद्रावर एकजण म्हणाली, "विषाची परीक्षा कशाला घेता? काढून टाका घरातून." मी दूध घेतलं आणि मान खाली घालून निघून आले. तिची बाजू घ्यायला हवी होती, असं आता लिहिताना वाटतंय.

दुपारी पोरीचा मामा आला. डोंगरातला माणूस, पायाला धूळ. दारात बसून राहिला, मी बाहेर आले तेव्हा उठला. आजी गेली. ज्या संध्याकाळी ढोल जळला त्याच संध्याकाळी.

"आम्हाला आगीचं काही माहीतही नव्हतं, बाई," तो म्हणाला. "म्हातारी एवढंच विचारत होती, जळल्याचा वास कुठून येतोय."

पोरीने ऐकलं, केस मोकळे सोडले आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसली. मी नाव घेऊन हाक मारली. उत्तर नाही. खांदा हलवला. उत्तर नाही. बाधा झाली असं वाटून मी देवापुढची विभूती आणायला धावले. मामाने अडवलं.

"ती आता बोलणार नाही. नवा चंद्र दिसेपर्यंत नाही. म्हातारीची ही सगळ्यात लाडकी नात. मेलेलं माणूस वाटेला लागलं की मागे कान देत देत जातं. हिचा आवाज ऐकला तर म्हातारी मागे वळेल, आणि मग तिला ना तिकडचा रस्ता सापडायचा, ना इकडचा."

मी ऐकत राहिले. आपल्याकडे मौनाचं व्रत असतं, मी स्वतः केलंय. पण आपण मौन धरतो ते देवाने आपल्याकडे बघावं म्हणून. ही धरते ते कुणीतरी आपल्याकडे बघू नये म्हणून.

मामा पाणी पिऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, तिला सांभाळ." मलाही 'तू'. पण राग आला नाही.

मंगळवार, ता. १८

चौकशी समिती बसली आहे. शनिवारी पोरीने हजर राहून उत्तरं द्यायची. उत्तरं दिली नाहीत तर नाव कमी होणार, म्हणजे शिक्षण संपलं. कागद ह्यांनीच आणून दिला. तिने वाचला, घडी घातली आणि परत भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, "अहो, साहेबांना जाऊन सांगा ना, तिच्या घरी माणूस गेलंय. थोडे दिवस पुढे ढकला म्हणावं."

"मी? मी काही सांगणार नाही."

"मग मी जाते."

गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी कार्यालयात गेले. समावेशसाहेबांनी बसा म्हटलं, ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "सहानुभूती आहे हो आम्हाला. पण चौकशी काही चंद्र बघून चालत नाही. बोलायचं नसेल तर लिहून देऊ दे."

बाहेर झाडाखाली मामा बसला होता, अजून डोंगरात परतला नव्हता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अक्षर म्हणजेपण आवाजच की. तू वाचतेस तेव्हा आत ऐकू येतं ना?"

खरंच येतं. आता हे लिहितानाही येतंय.

ह्यांनी रात्रीचं जेवण ताटातच टाकलं. आमच्या घरात अन्न कधी टाकत नाहीत.

शुक्रवार, ता. २१

दुपारी वॉर्डनबाई येऊन गेल्या. माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलल्या, जिन्याखाली. मी भांडी घासत होते, भिंतीला कान असतात ते काही फुकट नाही. बाई म्हणत होत्या, "पोरांच्या हातून झालं ते झालं. नुसता धूर करायचा होता त्यांना, घाबरवायला. माझ्या मुलाचं पुढे सगळं आयुष्य पडलंय. आणि सही न घेता चावी दिली तुम्ही, हे पण बघा."

हे आत आले तेव्हा मी विचारलं, "कप्तान चावी घेऊन गेला होता. तुम्हाला आठवतंय ना?"

"कुणी आलं नव्हतं."

"अहो, तुमच्यासमोर..."

"मी सांगतोय ना!" एवढं मोठ्याने, की आतल्या खोलीत पोर दचकली असेल. मग खाली बसले. "दोन वर्षं राहिली आहेत माझी. निवृत्तिवेतन जाईल. घर जाईल. ती पोरगी काय, डोंगरात परत जाईल, तिला घर आहे. आपल्याला काय आहे?"

मी किती मूर्ख! सात दिवस ह्यांच्या स्मरणशक्तीसाठी माळा ओढल्या.

उद्या मलाही बोलावलंय. पोर आमच्याकडे राहते एवढं सांगायला, म्हणजे नुसतं औपचारिक. हे म्हणाले, "विचारतील तेवढंच सांग." मी 'हो' म्हटलं. मॅट्रिकला पहिल्या झटक्यात पास झाले होते, पण तिथे निदान प्रश्न आधी माहीत नव्हते. इथे प्रश्नही माहीत आहे आणि उत्तरही, आणि म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. त्याच्याही घरी कुणी गेलंय का?

शनिवार, ता. २२

जसं झालं तसं लिहिते. नंतर मन त्यात रंग भरेल.

लांब टेबल. मध्ये अध्यक्षबाई, केस पिकलेले, चष्मा गळ्यात. बाजूला समावेशसाहेब आणि आणखी दोघं. त्यांच्या मागे तोच फलक, उद्घाटनानंतर इथे आणून लावलेला. हे दाराशी उभे, कारण चाव्यांबद्दल विचारायचं झालं तर भांडारपाल हजर पाहिजे.

पोरीला विचारलं, आग लागली तेव्हा कुठे होतीस? ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. परत विचारलं. साहेब म्हणाले, "बघा, हा उद्धटपणा पहिल्या दिवसापासूनचा आहे." तिचे ओठ मिटलेले होते, पण गळ्याची शीर उडत होती. इतक्या जवळून मी कुणाची भीती पाहिली नव्हती. आतापर्यंत मी तिलाच घाबरत होते ना!

मग मला विचारलं, ही तुमच्याकडे राहते?

"हो." आणि तिथे थांबायचं होतं. पण तोंडातून निघालं, "त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ होती. आम्ही खोळ शिवत होतो. चावी तिच्या गळ्यात होती, दोऱ्यात अडकत होती. ओरडा झाला तेव्हा आम्ही एकत्रच धावलो. आणि ती उद्धट नाही. तिची आजी गेली आहे. तिने तोंड उघडलं तर आजी वाट चुकेल, म्हणून गप्प आहे. मलाही सगळं कळतं असं नाही, पण तुमच्या पाठीमागे लिहिलंय तसं असेल तर थोडी जागा द्या."

सगळे वळून फलकाकडे बघायला लागले. मी कुणाला टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. खरंच वाटलं होतं, की लिहिलंय म्हणजे तसं असेल.

साहेब म्हणाले, "चावी गळ्यात होती तर खोली उघडली कुणी? कुलूप शाबूत होतं."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "हो, हे महत्त्वाचं आहे. बाई, तुम्हाला काही माहीत आहे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. तीस वर्षांत मी त्या मानेविरुद्ध गेले नव्हते. खोटं बोलावं तर शेजारी पोर उभी. खरं बोलावं तर दाराशी हे उभे. मी टेबलाची कड धरली.

"ते आमच्या ह्यांना विचारा," मी म्हटलं.

एवढंच. त्यात ना माझा शब्द होता, ना माझी चहाडी. पण हे असे बघत राहिले, जणू मी भरल्या बाजारात ह्यांना सोडून निघून गेले.

समावेशसाहेबांनी घड्याळ पाहिलं. शेवटी ह्यांनी जुडगा खिशातून काढला, त्यातली ती चावी वेगळी केली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "मी दिली होती. सही न घेता." आणि कुणाला, तेही सांगितलं.

पोरीचं नाव राहिलं. आग लावणाऱ्यांची चौकशी वेगळी होणार. हे निकाल लागेपर्यंत कामावर नाहीत, घराचं काय ते पुढे कळवणार आहेत.

घरी येताना तिघंही चालत होतो आणि कुणीच बोलत नव्हतं. एकाला कारण आजी, दुसऱ्याला मी. माझं कारण मला माहीत नाही.

सोमवार, ता. २४

काल लिहिलं नाही. दारावर कुणीतरी दगड मारला, दिवसाढवळ्या. काच नाही फुटली, चौकटीला खाच पडली. हे कडी लावून खुर्चीत बसून राहिले. माझ्याशी परवापासून एक शब्द नाही. मी वाढते, हे जेवतात. घर गेलं तर कुठे जायचं ते मोजून बघितलं आणि मग मोजणं सोडून दिलं.

सकाळी दूध आणायला निघाले. पिशवी घेतली, दारापर्यंत गेले आणि पाय उचलेना. वॉर्डनबाई तिथे असणार, त्यांच्या बरोबरच्या असणार. अर्धा लिटर दुधाशिवाय एक दिवस निघतो, असा विचारही केला.

मागे पावलं वाजली. पोर होती. केस तसेच मोकळे, चेहरा उतरलेला, अजून एक शब्द नाही. चंद्राला अजून अवकाश आहे. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"नको," मी म्हटलं. "तुला बघून आणखी बोलतील."

ती बाहेर पडलीसुद्धा.

रांगेत आम्ही उभ्या राहिलो तशी पुढची बाई दोन पावलं पुढे सरकली. मागून कुणी जवळ येईना. वॉर्डनबाईंनी आमच्याकडे पाहून तोंड फिरवलं. कुणी हळू आवाजात काही म्हणालं, मला अर्धंच ऐकू आलं, तेवढं पुरलं. पोरीने माझा हात धरला. वाटलं, धीर देते आहे. मग लक्षात आलं, तिचाच हात बर्फासारखा गार आहे आणि थरथरतो आहे. तरी ती आली होती. मी तो हात सोडला नाही. नंबर आला, दूध घेतलं, सुटे पैसे मोजून घेतले आणि परत निघालो. रस्ता रोजचाच होता, पण संपता संपत नव्हता.

दार वाजवायच्या आधीच ह्यांनी कडी काढली. खिडकीतून बघत उभे असावेत. आधी पोरीकडे पाहिलं, मग आमच्या धरलेल्या हातांकडे, मग आमच्या मागच्या रस्त्याकडे.

"तिला आधी चहा दे," हे म्हणाले. "आणि कडी नीट लाव."

मी दोन्ही केलं.